पदवीविना धन्वंतरी : लुई पाश्चर



पुढे कोण होणार, असा प्रश्न वर्गात विचारला, की डॉक्टर होणार म्हणून दहा-बारा हात तरी वर होतात. कोणाला परिचारिका व्हावयाचे असते, कोणाला औषधनिर्मितीचा अभ्यास करावयाचा असतो. रोग्यांची सेवा करण्याची ही इच्छा ऐकून शिक्षकाला समाधान वाटते. परंतु याच विद्यार्थ्यांपाशी रसायनशास्त्राची गोष्ट काढली, की त्यांचे चेहरे एकदम उतरतात. मूलद्रव्यांच्या संज्ञा, समीकरणे, आम्ले आणि क्षार यांचा रोग्याच्या नाडीशी काय संबंध, असे त्यांना वाटते. प्रवेशपरीक्षेला लागते म्हणून हा विषय घ्यावयाचा, आणि दवाखान्याची पायरी चढली की तो विसरून जावयाचा, असा पुष्कळांचा मनोमन बेत असतो.

मी कलाशाखेचा पदवीधर. प्रयोगशाळेत उभे राहून या शंकेचे निरसन करण्याचा अधिकार मला नाही. तथापि चरित्रे वाचण्याचा नाद मला आहे, आणि एका चरित्रात या शंकेचे उत्तर मला सापडले. ज्याने वैद्यकाची एकही परीक्षा दिली नाही, रोग्याच्या अंगाला सुई लावण्याची ज्याला कायद्याने परवानगी नव्हती, आणि तरीही ज्याच्यामुळे साऱ्या जगाच्या वैद्यकाचे रूप पालटले, अशा एका रसायनशास्त्रज्ञाचे ते चरित्र आहे. त्याचे नाव लुई पाश्चर.

फ्रान्स देशाच्या पूर्वेस, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत, ज्युरा नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील डोल या गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी लुईचा जन्म झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. तरुणपणी ते नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते आणि शौर्याबद्दल त्यांना सन्मानपदकही मिळाले होते. परंतु साम्राज्य कोसळल्यावर ते निमूटपणे आपल्या धंद्याकडे परतले. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी येऊन राहिले. नदीच्या काठी घर, आणि घरालगतच कातडी भिजत घालण्याचे हौद. अशा वातावरणात तो वाढला.

लुई आठ वर्षांचा असताना, १८३१ साली, त्या परिसरात एक पिसाळलेला लांडगा शिरला आणि त्याने अनेकांना चावे घेतले. त्या काळी अशा जखमेवर एकच उपाय होता : लोखंड तापवून लाल करावयाचे आणि त्याने जखम डागावयाची. पाश्चरांच्या घराजवळच्या लोहारशाळेत हे डागणे चालले होते आणि माणसांच्या किंकाळ्या गल्लीत ऐकू येत होत्या. त्यांपैकी कित्येकजण पुढे जलसंत्रासाने तडफडून मेले. हा प्रसंग त्या मुलाच्या मनावर कायमचा कोरला गेला. चोपन्न वर्षांनंतर नियतीने त्याच रोगासमोर त्याला पुन्हा उभे केले. परंतु ती कथा पुढे येईल.

शाळेत लुई काही असामान्य विद्यार्थी म्हणून गणला जात नव्हता. तो सावकाश विचार करी, आणि खात्री झाल्याशिवाय उत्तर देत नसे. त्याचा हात चालत असे तो चित्रकलेत. आईचे, वडिलांचे आणि गावातील शेजाऱ्यापाजाऱ्यांचे त्याने रंगीत खडूंनी काढलेले चित्रसंच आजही पाहावयास मिळतात. चेहऱ्यावरील बारीकशी रेषादेखील त्याच्या नजरेतून सुटत नसे. या नजरेचा पुढे रसायनशास्त्राला केवढा उपयोग झाला, ते आपण पाहणारच आहोत.

मुख्याध्यापकांनी मात्र या मुलाला ओळखले. त्याने पॅरिसच्या 'एकोल नॉर्माल' या विख्यात संस्थेत शिकावे, असे त्यांनी सुचविले. पंधराव्या वर्षी लुई पॅरिसला गेला. परंतु घरच्या आठवणीने तो इतका व्याकूळ झाला, की काही आठवड्यांतच वडिलांना त्याला परत आणावे लागले. घर सोडून वसतिगृहात राहताना ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे घराजवळच्या बझांसाँ येथे राहून तो १८४० साली साहित्यविषयक पदवीपरीक्षा उत्तीर्ण झाला आणि १८४२ साली दिजों येथे विज्ञानाची. त्या विज्ञानपरीक्षेत रसायनशास्त्रापुढे परीक्षकांनी शेरा मारला होता, तो 'सामान्य' एवढाच! आम्ही शिक्षक गुणपत्रिकेवर असे शेरे किती सहज लिहितो, याची त्या नोंदीने मला मोठी जाणीव करून दिली.

त्याच वर्षी एकोल नॉर्मालच्या प्रवेशपरीक्षेत त्याचे नाव यादीत आले. परंतु क्रमांक खालचा होता. लुईला तो पसंत पडला नाही. मिळालेली जागा त्याने सोडून दिली, आणखी एक वर्ष पॅरिसमध्ये अभ्यास केला, आणि १८४३ साली वरचा क्रमांक मिळवून तो संस्थेत दाखल झाला. त्या वर्षात एक महत्त्वाची गोष्ट घडली. सॉरबॉन विद्यापीठात द्यूमा या थोर रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने होत. शेकडो श्रोते दाटीवाटीने बसत आणि जागा मिळविण्यासाठी आधीपासून जाऊन थांबावे लागे. त्या व्याख्यानांनी लुईचे मन जिंकले. ज्या विषयात त्याला सामान्य शेरा मिळाला होता, तोच त्याने आयुष्यासाठी निवडला. ब्रोमिनचा शोध लावणाऱ्या बालारने त्याला आपल्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून ठेवून घेतले आणि १८४७ साली त्याला डॉक्टरची पदवी मिळाली. ती वैद्यकातील नव्हे, विज्ञानातील होय.

आता त्याच्या पहिल्या शोधाकडे वळू. हा भाग जरा लक्षपूर्वक वाचावा, कारण पाश्चरच्या पुढील सर्व कार्याची किल्ली त्यात आहे.

आपण आमटीत घालतो त्या चिंचेला आंबटपणा येतो तो मुख्यतः टार्टरिक आम्लामुळे. द्राक्षांतही हेच आम्ल असते, आणि मद्याच्या पिंपांच्या तळाशी त्याच्या क्षारांचा थर साचतो. प्रकाशाच्या लहरी एकाच प्रतलात कंप पावतील असे करून तो प्रकाश या आम्लाच्या द्रावणातून सोडला, तर ते प्रतल उजवीकडे वळते. याच पिंपांतून कधी कधी आणखी एक आम्ल मिळे. त्याला रेसेमिक आम्ल म्हणत. त्याचे पृथक्करण केले तर घटक तेच, प्रमाणही तेच. परंतु ते प्रकाशाला उजवीकडेही वळवीत नसे आणि डावीकडेही नाही. दोन पदार्थ सर्वस्वी सारखे, आणि तरीही त्यांचा गुण भिन्न! हे कोडे मोठमोठ्या पंडितांना सुटले नव्हते.

१८४८ साली पंचवीस वर्षांच्या पाश्चरने या आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरले. चित्रकाराच्या त्या नजरेला एक बारीकशी गोष्ट दिसली. प्रत्येक स्फटिकाच्या कडेला एक लहानसा तिरकस पैलू होता. काही स्फटिकांत तो उजवीकडे होता, तर काहींत डावीकडे. आपला उजवा हात आरशासमोर धरला असता आरशात डावा दिसतो, तसे हे दोन प्रकारचे स्फटिक एकमेकांची प्रतिबिंबे होते. पाश्चरने ते एकेक करून वेगळे केले आणि त्यांचे दोन ढीग लावले. एका ढिगाचे द्रावण प्रकाशाला उजवीकडे वळवू लागले, दुसऱ्याचे तितकेच डावीकडे. समभाग मिसळले, की परिणाम शून्य. म्हणजे एक दिसणारी वस्तू मुळात एक नव्हतीच. ते दोहोंचे मिश्रण होते. प्रकाशाच्या या शाखेतील ज्येष्ठ पंडित बियो हे त्या वेळी सत्तरी ओलांडलेले होते. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी पाश्चरला बोलावून, स्वतः दिलेली द्रव्ये वापरावयास लावून, सारा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत करून घेतला, आणि खात्री पटल्यावर या तरुणाला पुत्रवत मानले.

स्फटिकांचा वैद्यकाशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. तोच आता येतो. १८४९ साली पाश्चर स्ट्रासबुर्ग येथे रसायनशास्त्र शिकवू लागला आणि तेथील विद्यापीठप्रमुखांची कन्या मारी लोराँ हिच्याशी त्याचा विवाह झाला. ती त्याची जन्माची साहाय्यक ठरली; रात्री बसून त्याची टिपणे उतरून काढी. पुढे काही वर्षांनी पाश्चरच्या ध्यानात आले, की रेसेमिक आम्लाच्या द्रावणात बुरशी वाढू दिली, तर ती उजवे आम्ल तेवढे खाऊन टाकते आणि डावे तसेच राहते. निर्जीव काचपात्राला उजव्या-डाव्याचा भेद कळत नव्हता. परंतु एका क्षुद्र बुरशीला तो कळत होता! सजीवांच्या शरीरात चालणारी रासायनिक क्रिया अशी निवड करते, हे त्याला उमगले. स्फटिकांच्या वाटेने निघालेला हा रसायनशास्त्रज्ञ येथे जीवसृष्टीच्या दारापाशी येऊन पोहोचला. आजही औषधे तयार करताना हा उजव्या-डाव्याचा विचार करावा लागतो. कंपवातावर देतात ते लेव्होडोपा हे औषध त्याचेच उदाहरण होय. जोडीतील डावेच रूप रोग्याच्या उपयोगी पडते.

१८५४ साली पाश्चर लील या कारखान्यांच्या शहरी विज्ञानशाखेचा प्रमुख झाला. तेथील एका कारखानदाराकडे बीटच्या रसापासून मद्यार्क काढीत, आणि त्याची काही पिंपे वारंवार नासत. त्याने पाश्चरचे साहाय्य मागितले. चांगल्या पिंपातील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात यीस्टचे गोल कण दिसले. नासलेल्या पिंपात त्यांऐवजी लांबट आकाराचे जीव वळवळत होते. पुढील अभ्यासातून पाश्चरने सिद्ध केले, की आंबणे ही केवळ कुजण्याची क्रिया नसून ते सजीवांचे कार्य आहे; आणि दुधाचे दही करणारा जीव निराळा, मद्य करणारा निराळा. एकेका क्रियेला एकेक स्वतंत्र जीव कारणीभूत असतो. स्फटिकांचे दोन ढीग लावणाऱ्या मनाने आता सूक्ष्मजीवांचेही ढीग लावावयास आरंभ केला होता.

हे जीव येतात कोठून, हा पुढचा प्रश्न. नासक्या पदार्थातून ते आपोआप उत्पन्न होतात, असे पुष्कळ विद्वान मानीत. पाश्चरने काचेच्या चंबूंत रस उकळला आणि त्यांच्या माना तापवून हंसाच्या मानेसारख्या वाकविल्या. हवा आत जाई. परंतु धूळ त्या वळणात अडके. रस महिनोन् महिने स्वच्छ राहिला. मान मोडली, की थोड्याच दिवसांत तो नासला. जीव जीवापासूनच येतात, हे या साध्या प्रयोगाने दाखवून दिले आणि १८६२ साली विज्ञान अकादमीने त्याचा सन्मान केला. मद्य बेताचे तापवून टिकविण्याची युक्ती त्याने काढली, ती याच ज्ञानातून. दुधाच्या पिशवीवर आपण 'पाश्चराइज्ड' हा शब्द वाचतो, त्यात याच गृहस्थाचे नाव दडलेले आहे.

येथवरचा वृत्तान्त ऐकून, पाश्चर सुखाने शोध लावीत होता, असा कोणाचा समज होईल. तो खरा नाही. त्याच्या पाच अपत्यांपैकी तीन मुली बालपणीच गेल्या. थोरली झान १८५९ साली नऊ वर्षांची असताना विषमज्वराने गेली. १८६५ साली दोन वर्षांची कामीय गेली आणि पुढच्याच वर्षी बारा वर्षांची सेसील, तीही विषमज्वरानेच. दुधातील आणि मद्यातील सूक्ष्मजीव ज्याने ओळखले होते, त्याला आपल्या मुलींच्या रक्तातील शत्रू ओळखता आला नाही. १८६८ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. त्या वेळी फ्रान्सच्या दक्षिणेतील रेशमाच्या किड्यांवरील रोगाचे संशोधन त्याने हाती घेतलेले होते. तशाही स्थितीत त्याने ते तडीस नेले.

इकडे ग्लासगो शहरी लिस्टर नावाच्या शल्यवैद्याने पाश्चरचे लेखन वाचले होते. मद्य ज्यामुळे नासते, त्याच प्रकारच्या जीवांमुळे जखमाही चिघळत असतील, असा विचार त्याच्या मनात आला. १८६५ पासून तो जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरू लागला आणि त्याच्याकडील शस्त्रक्रियेच्या रोग्यांचे मृत्यू झपाट्याने घटले. पाश्चरच्या रसायनशास्त्राने रोग्याचे प्राण वाचविले, ते प्रथम असे दुसऱ्याच्या हातून. १८७४ साली लिस्टरने पत्र पाठवून त्याचे मनःपूर्वक आभार मानले.

स्वदेशातील वैद्य मात्र इतक्या लवकर मानणारे नव्हते. १८७३ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत पाश्चरची निवड झाली, तीही अगदी काठावरच्या मतांनी. ज्याने कधी रोग्याची नाडी पाहिली नाही, त्याने आम्हांस शिकवावे, हे पुष्कळांना रुचत नव्हते. पाश्चरचा स्वभावही नमते घेण्याचा नव्हता. शल्यवैद्यांनी आपली हत्यारे ज्योतीत धरावीत, पट्ट्या तापवून निर्जंतुक कराव्यात, हात काळजीपूर्वक धुवावेत, असे तो आग्रहाने सांगे. त्या काळी प्रसूतिगृहांत बाळंतज्वराने असंख्य माता मरत. १८७९ साली अकादमीत एक वैद्य या ज्वराची कारणे सांगत असता पाश्चरने त्याला मध्येच अडविले, लंगडत फळ्यापाशी जाऊन मण्यांच्या माळेसारखी एक आकृती काढली, आणि हा रोग आणणारा जंतू तो हाच, असे निक्षून सांगितले. रोग एका मातेकडून दुसऱ्या मातेकडे नेतात, ते वैद्यांचे आणि दायांचेच हात, हे ऐकणे त्या सभेला किती जड गेले असेल!

त्यानंतर आली लस. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू काचपात्रात दीर्घकाळ ठेवले, की त्यांचा जोर ओसरतो, आणि असे क्षीण जंतू टोचलेली कोंबडी पुढे जोरदार जंतूंनाही दाद देत नाही, हे पाश्चर आणि त्याचा तरुण सहकारी रू यांच्या प्रयोगांतून दिसून आले. जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवी टोचून माणसाला देवीपासून वाचविले होते. परंतु ती निसर्गाने दिलेली देणगी होती. आता प्रयोगशाळेत लस तयार करता येईल, असे दिसू लागले. लॅटिन भाषेत गाईला जो शब्द आहे, त्यावरून जेन्नरच्या टोचणीला नाव पडले होते. त्याच्या स्मरणार्थ अशा सर्वच टोचण्यांना 'व्हॅक्सिन' म्हणावे, असे पाश्चरने १८८१ साली लंडन येथे सुचविले. आपल्या बेळगावात टिळकवाडीस 'व्हॅक्सिन डेपो' आहे, जेथे एके काळी देवीची लस तयार होत असे. त्या नावात गाय, जेन्नर आणि पाश्चर हे तिघेही आहेत, हे तेथील झाडांखाली खेळणाऱ्या मुलांना बहुधा ठाऊक नसेल.

त्याच १८८१ सालच्या मे महिन्यात पुयी-ल-फोर या खेड्यात पाश्चरने सर्वांसमक्ष एक परीक्षा दिली. मेंढरांचे कळप काळपुळीच्या रोगाने मरत होते. पन्नास जनावरांचा एक गट घेण्यात आला. त्यांत दोन शेळ्या, बाकीची मेंढरे. निम्म्यांना दोन वेळा लस टोचली, निम्म्यांना नाही. ३१ मे रोजी सर्वांना रोगाचे जिवंत जंतू टोचले. २ जून रोजी गर्दी जमली तेव्हा लस टोचलेली मेंढरे उभी होती, आणि न टोचलेली मेलेली किंवा मरणाच्या दारी होती. साऱ्या युरोपभर जयजयकार झाला.

परंतु, मित्रांनो, थोरांची चरित्रे वाचताना त्यांच्या उणिवांवर पांघरूण घालू नये. आपण जंतूंना प्राणवायूच्या साहाय्याने क्षीण करतो, असे पाश्चर सांगत आला होता, आणि ही लसही तशीच केली असावी, असा लोकांचा समज त्याने होऊ दिला. त्याच्या खाजगी वह्या पुढे १९६४ साली पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आल्या आणि अभ्यासकांनी त्या तपासल्या. त्यांवरून दिसते, की पुयी-ल-फोर येथील लस त्याचा सहकारी शांबेर्लां याने पोटॅशियम डायक्रोमेट हे रसायन वापरून केली होती. रासायनिक द्रव्याने जंतू दुबळे करण्याची वाट तुलूझ येथील तूसाँ नावाच्या पशुवैद्याने आधीच दाखविली होती. त्याला या यशातील श्रेय मिळाले नाही. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही डायक्रोमेटची नारिंगी बाटली असते. ती दिसली, म्हणजे दोन गोष्टी आठवाव्यात : रसायनाने केवढे काम केले, आणि सत्य सांगण्यात एक थोर मनुष्यही कसा कमी पडला.

आता त्या लांडग्याच्या रोगाकडे वळू. पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याने होणाऱ्या रोगाचा जंतू पाश्चरला कधीच दिसला नाही. तो विषाणू आहे, आणि त्या काळच्या सूक्ष्मदर्शकांना दिसणे शक्यच नव्हते. तो मज्जातंतूंत वास करतो, एवढे मात्र कळले होते. रोगाने मेलेल्या सशाच्या पाठीचा कणा चिरून त्यातील मज्जारज्जू काढावयाचा आणि तो काचपात्रात टांगून ठेवावयाचा, अशी पद्धत ठरली. पात्राच्या तळाशी कॉस्टिक पोटॅशचे खडे ठेवीत. हे खडे हवेतील ओल शोषून घेतात, हे रसायनशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. अशा कोरड्या हवेत मज्जारज्जू सुकत जाई आणि दिवसागणिक त्यातील विषाचा जोर कमी होई. पंधरा दिवसांनी तो निरुपद्रवी ठरे.

६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातून एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पाश्चरच्या दारी आली. मुलाचे नाव जोसेफ माइस्टर. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चौदा ठिकाणी चावे घेतले होते. पाश्चरपुढे मोठे संकट उभे राहिले. कुत्र्यांवर प्रयोग झाले होते. परंतु नेमक्या याच पद्धतीचे पुरेसे प्रयोग अद्याप पूर्ण झाले नव्हते, असे त्याच्या वह्यांवरून आज दिसते. टोचावे, तर मुलगा कदाचित आपल्याच लसीने मरेल. न टोचावे, तर तो रोगाने मरण्याचे भय. शिवाय वैद्यकीची पदवी नसल्यामुळे त्याला स्वतः टोचता येत नव्हते. सहकारी रू हा वैद्य होता. परंतु इतक्या घाईस त्याची संमती नव्हती आणि तो बाजूला राहिला. अखेर पाश्चरने व्युल्पियाँ आणि ग्रांशे या दोन वैद्यांचा सल्ला घेतला. त्यांनी मुलाला तपासले आणि टोचावे असे मत दिले. त्या सायंकाळी सुई धरली ती ग्रांशेने. पाश्चर शेजारी उभा होता.

पहिली टोचणी सर्वांत जुन्या, निरुपद्रवी मज्जेची. मग रोज थोडी अधिक ताजी. अकरा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या, आणि शेवटची अवघ्या एका दिवसाच्या मज्जेची होती. त्या काळात पाश्चरला झोप लागत नसे. मुलगा मात्र प्रयोगशाळेतील सशांशी आणि कोंबड्यांशी खेळत असे. तो वाचला. मोठेपणी तो पाश्चरच्याच संस्थेचा द्वारपाल झाला.

सर्वच कथांचा शेवट असा गोड झाला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुईझ पेल्तिए नावाच्या दहा वर्षांच्या मुलीला आणण्यात आले. चावा घेतल्याला सदतीस दिवस झाले होते. उपचाराचा उपयोग होणार नाही आणि अपयश आले तर विरोधक ते उचलून धरतील, हे पाश्चरला स्पष्ट दिसत होते. तरीही आईबापांची विनवणी त्याला मोडवेना. मुलगी गेली. ज्याने आपल्या तीन मुली गमावल्या होत्या, तो या परक्या मुलीच्या उशाशी बसून होता आणि बाहेर पडल्यावर त्याला अश्रू आवरले नाहीत. अपकीर्तीची भीती असतानाही रोग्याला दारातून परत न पाठविणे, हा वैद्याचा धर्म त्याने पदवीवाचून पाळला.

देशोदेशींच्या वर्गणीतून पॅरिस येथे पाश्चर संस्था उभी राहिली आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी तिचे उद्घाटन झाले. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चरने देह ठेवला. त्याची समाधी त्याच संस्थेत आहे.

त्याच्या कार्याचा प्रवाह आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचला. त्या संस्थेत काम केलेला हाफकिन १८९३ साली भारतात आला. तोही वैद्य नव्हता. प्राणिशास्त्राचा अभ्यासक होता. मुंबईत प्लेगने हाहाकार उडविला असता त्याने प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्याचेच नाव चालविते. कसौली येथे १९०० साली आणि दक्षिणेत कुन्नूर येथे १९०७ साली पाश्चरच्या नावाच्या संस्था निघाल्या. कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, ही आठवण तुमच्या आजोबा-आजींना विचारा; ती कसौलीत निघालेल्या जुन्या लसीची होय. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती लस आपल्या देशात बंद झाली आणि आता दंडातील मोजक्या टोचण्यांनी काम भागते.

तरीही हा रोग आपल्या देशातून गेलेला नाही. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कुत्रा चावला वा ओरखडला, तर जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट असले काही जखमेत भरू नये. साबणच का? या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, आणि साबण ते मोडून टाकतो. साबण तेलकटपणा कसा काढतो, हे तुमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातच दिले आहे. तापलेल्या लोखंडाच्या जागी साबण आणि लस आली, ती ज्ञानामुळे.

हे चरित्र मी का सांगितले, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. पाश्चरने रसायनशास्त्र सोडून वैद्यकाचा मार्ग धरला नाही. तो रसायनशास्त्राच्या मार्गानेच चालत चालत रोग्याच्या उशाशी येऊन पोहोचला. एक दिसणाऱ्या वस्तूतील दोन निराळ्या वस्तू ओळखणे, एकाच प्रयोगाच्या दोन बाजू शेजारी ठेवून पाहणे, आणि खात्री झाल्यावाचून न बोलणे, ही त्या शास्त्राची शिकवण होती. शेवटच्या बाबतीत तो स्वतः चुकला, तेव्हा त्याच्या कीर्तीलाही डाग लागला. तुम्ही उद्या वैद्य व्हाल, परिचारिका व्हाल, औषधे तयार कराल किंवा रक्ताची तपासणी कराल. औषधाची मात्रा मोजताना आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांतील फरक ओळखताना हीच शिकवण तुमच्या हाताशी असली पाहिजे. तेथे चूक झाली, तर गुण कमी होत नाहीत, माणूस दगावतो.

आणि यंदाच्या गुणपत्रिकेत रसायनशास्त्रापुढे कोणाला 'सामान्य' असा शेरा मिळाला असेल, तर त्याने खिन्न होऊ नये. दिजोंच्या परीक्षकांनी तो शेरा एकदा एका चर्मकाराच्या मुलाला दिला होता. त्या मुलाने पुढच्या वर्षी काय केले, तेवढेच आठवावे.